आमच्या वस्तीची पेटी

मला मदत केली ती मी संध्याकाळी जिथे पोळ्या करते त्या घरच्या बाईंनी. पुण्याजवळ मांजरी गावच्या नव्या सोसायटीत मुलाकडे राहतात त्या. सगळं आयुष्य पेठेत गेलं, शाळेत शिकवण्यात गेलं, आता रिटायर. सोसायटीतले लोक त्यांना आजी म्हणतात. मी बाई म्हणते. शाळेत मास्तरीणबाईंना तसं म्हणायची सवय लागली होती, आणि सवय सुटायच्या आत माझी शाळा सुटली. बाईंनी मदत केली हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्यांच्यावर बराच संशय घेतलाय, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की बाईंच्याच मनात काहीतरी होतं. होतंच म्हणा. पण ते माझ्या वाइटाचं नव्हतं.

संशयाचं म्हणाल तर तो मी गावाहून येताना बरोबरच आणला होता. पुण्यात तो वाढला. इथे कोणी गोड बोललं की मी आधी दाराकडे बघते, चटकन निघता येईल ना म्हणून. रूम दाखवणारा गोड बोलला तेव्हा रूमला खिडकी नव्हती. लोणी काळभोरच्या गोदामात नवऱ्याला काम देणारा गोड बोलला तेव्हा काम रात्रपाळीचं निघालं. बाई गोड बोलत नसत. पहिल्या दिवशी माझी पोळी हातात धरून उजेडाकडे करून बघत म्हणाल्या, "ही खायची का पांघरायची?" तेव्हा बरं वाटलं. या घरात टिकू असं वाटलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आत. आणि आमची वस्ती गावापासूनही वेगळी, नाल्याच्या पलीकडे. मतदान असलं की सगळी वस्ती चालत गावातल्या शाळेत जायची. म्हाताऱ्या बायांचे हाल व्हायचे. रांगेत गावचे लोक पुढे, आम्ही मागे. मग वस्तीतल्याच माणसांनी अर्ज केला की आम्हाला आमचं वेगळं मतदान केंद्र द्या. गावच्या पुढाऱ्यानं त्या अर्जामागे स्वतः खेटे घातले. वस्तीला त्याचं केवढं कौतुक वाटलं! केंद्र मिळालं, वस्तीतल्या अंगणवाडीच्या खोलीत. मतदानाच्या दिवशी बायांनी दारापुढे सडा घातला, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मशीन आलं तेव्हा कोणीतरी त्याला कुंकू लावायला निघालं होतं, मतदानाच्या साहेबांनी अडवलं. मशीन म्हणत नाही आम्ही, पेटीच म्हणतो. आमच्या वस्तीची स्वतःची पेटी.

निकालानंतर कळलं ती पेटी कोणाच्या उपयोगाची होती.

मोजणी पेटीवार होते. टेबलाशी प्रत्येक उमेदवाराची माणसं बसलेली असतात, आणि या पेटीतून कोणाला किती पडली ते लिहून घेतात. गावच्या शाळेत आम्ही मत द्यायचो तेव्हा आमचं मत गावाच्या मतात मिसळून जायचं. आता आमची पेटी निराळी झाली, म्हणजे आम्ही निराळे दिसायला लागलो. आमच्या पुढाऱ्याचा उमेदवार आमच्या पेटीत साफ मागे पडला होता. पुढाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर वस्तीत आला. चहा दिला तर घेतला नाही. गाडीवरून न उतरता म्हणाला, "कोनं कोनं देल्लं नाई, ते आमाले माहीत नाई. पन वस्तीनं देल्लं नाई, येवढं माहीत हाये."

बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही.

आमच्या शाळेत पोरांची दुपारची खिचडी दोघी बाया शिजवायच्या. त्यातली एक माझी आई. वडील नाहीत, मी इकडे, शेत नाही. त्या खिचडीवर आई उभी आहे. शिजवायला कोणाला ठेवायचं ते शाळेची समिती ठरवते, आणि समितीत कोण बसतं ते पुढारी ठरवतो. महिना उलटायच्या आत दुसऱ्या बाईला काढलं. कारण सांगितलं की तिच्या हातचं मीठ जास्त होतं.

मग वस्तीत जे झालं ते सांगताना मला अजून हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. पुढाऱ्याच्या उमेदवाराला आमच्या पेटीत जी थोडीशी मतं पडली होती, ती आमचीच, हे सांगायला निम्मी वस्ती त्याच्या अंगणात जाऊन आली. जो तो म्हणे, मी तुमाले देल्लं भाऊ, शेजाऱ्यानं नाई देल्लं. पुढारी सुपारी कातरत ऐकायचा. आई गेली नाही. का गेली नाही ते तिनं मलाही सांगितलं नाही. पण न जाणारी म्हणजे न देणारी, असा हिशोब लोकांनी आपोआप लावला. तेव्हापासून समितीची बैठक जवळ आली की आईला झोप नाही, आणि इकडे मला नाही.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली तेव्हा आईचा फोन यायचा तो बरोबर माझ्या पोळ्यांच्या वेळेला. हात पिठात, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावायची. त्या दिवशी आई म्हणाली, "वस्तीनं ठरोलं, या बारी सारी पेटी त्यायलेच द्याची. एक बी मत इकडं तिकडं नाई जाऊ द्याचं."

"अन् कोनं चुकून दुसरीकडं दाबलं तं?"

"तं वस्ती त्याले सोडनार नाई. आधी पुढाऱ्याचं भेव होतं, आता एकमेकाइचं भेव हाये."

मी चिडून काहीतरी बोलले, फोन बंद केला. मागे वळून बघते तर बाई दारात.

"कोणाशी भांडत होतीस?"

"भांडत नव्हते. आमची बोलीच तशी आहे."

"बोली कळते मला. पेटीचं काहीतरी चाललं होतं. कसली पेटी?"

मी म्हटलं, "कपड्यांची."

"बरं. तुमच्याकडे कपड्यांच्या पेटीतून मतं निघतात. यवतमाळ पुढे गेलंय बरंच." असं म्हणून पाण्याचा पेला घेऊन गेल्या. पुढे काही विचारलं नाही.

न विचारणारी माणसं मला जास्त घाबरवतात. दोन दिवस मी गप्प राहिले, तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगायला लागले. तवा तापत होता, मी बोलत होते, बाई डायनिंग टेबलाशी वाटाणे सोलत होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या की त्यांनी शाळेत असताना निवडणुकीची ड्यूटी पुष्कळ केली. तेव्हा कागदाच्या मतपत्रिका असायच्या. काही वेळा वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र करून, चांगल्या मिसळून मगच मोजायला घ्यायचे. अमक्या गल्लीनं कोणाला दिलं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मशीन आलं, मोजणी भराभर व्हायला लागली, पण मिसळणं राहून गेलं.

"मग आता मिसळता येत नाही?"

"येतं की. बऱ्याच मशीनची बेरीज एकदम दाखवणारी सोय करता येते. निवडणूक आयोगानं सुचवलेलंही आहे. अडकून पडलंय."

"कुठे अडकलंय?"

"जिथे सगळं अडकतं तिथे. कुठल्या पेटीत आपल्याला किती, हे कळलेलं कोणत्या पक्षाला नको असतं? ते म्हणतात, कुठे काम करायचं ते आम्हाला समजतं. खोटं नाही ते. कुठे काम करायचं नाही, तेही समजतं."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं डोकं वाकड्यात चालतं. मी म्हटलं, "बाई, किराणावाला दोन पोत्यांतला गहू मिसळतो तेव्हा चांगल्यात किडका खपवायलाच मिसळतो. मतं मिसळली आणि मधल्यामध्ये कोणी हात मारला तर धरणार कसं? वेगळी पेटी असली तर निदान कळतं तरी."

बाईंनी वाटाणे सोलायचे थांबवले. "हा घोळ आहेच," म्हणाल्या. "मत दिल्यावर मशीनमधून पडणाऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या तपासायची सोय ठेवून मिसळायचं, असं आम्ही म्हणतो. पण याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. तुझी पोळी करपली."

बाई 'आम्ही' म्हणाल्या ते माझ्या कानात राहिलं. आम्ही म्हणजे कोण? कोणाच्या त्या?

कळलं ते असं. बाई आणि त्यांच्यासारखेच पाच-सहा रिटायर लोक, दर पंधरवड्याला पेठेत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतात. निवडणुकीत काय बदलायला हवं यावर बोलतात, निवेदनं लिहितात, निवेदनांना उत्तर येत नाही यावर पुन्हा बोलतात. त्यांच्यात एकच तरुण, खराडीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करणारा, बाईंचा जुना विद्यार्थी. या वेळी त्यांना मोठी सभा घ्यायची होती, याच विषयावर. आणि बाईंना वाटत होतं मी तिथे बोलावं.

मला? पोळ्या करणारीला? का? माझ्या बोलण्यानं यांना काय मिळणार? उद्या निवडणुकीला कोणी उभं राहणार असेल यांच्यातलं. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "रिटायर मानसं हायेत, दुसरं काम नसन." मला ते पटलं नाही. काम नसलेली माणसं गावात पारावर बसतात, ती काही भल्यासाठी बसत नाहीत.

तो तरुण एकदा बाईंकडे आला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "ताई, तुमची स्टोरी एकदम पॉवरफुल आहे. फक्त दोन मिनिटं बोला. मी व्हिडिओ घेतो. हवं तर फेस ब्लर करू."

"म्हणजे काय?"

"चेहरा दिसणार नाही तुमचा."

"आणि आवाज?"

"आवाज... ते बघू."

आतून बाई म्हणाल्या, "बघू म्हणजे नाही. तू आधी चपला बाहेर काढ."

मी आईला फोनवर विचारलं, बोलू का म्हणून. वाटलं होतं ती नको म्हणेल, म्हणजे माझी सुटका. तर ती म्हणाली, "बोल नं. कोनं तरी बोललं पायजे." मी बाईंना हो म्हटलं.

दोन-चार दिवसांत गावच्या एका माणसाचा फोन. हा रांजणगावच्या एका कंपनीत आहे. आमच्याच वस्तीचा, नात्यानं लांबचा भाऊ लागतो. पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर त्याला ती नोकरी लागली हे सगळ्यांना ठाऊक. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सगळ्यात आधी याचं फूल पडतं.

"काय वं बाई, पुढारीन झाली म्हने तू?"

"कोनं सांगतलं?"

"कोनं का सांगेना. पुण्यात सभा हाये म्हने, अन् आपल्या वस्तीचं मानूस बोलनार. मी बी येतो ऐकाले. पत्ता धाड."

"मी नाई बोलत भाऊ. मी कायले बोलू?"

"मंग पत्ता तं धाड."

मी पत्ता पाठवला नाही. त्यानं तो मिळवला, कसा ते देव जाणे. त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि डोक्यात एकेकाला उभं करत होते. सभेचं कोणाला माहीत होतं? बाईंना. त्या पोराला. नवऱ्याला. सोसायटीचा वॉचमन आमच्याच बाजूचा, त्यानं लिफ्टपाशी ऐकलं असेल. सगळ्यात जास्त संशय मला त्या पोराचा आला, कारण त्याच्या हातात सतत फोन. मग वाटलं बाईच. त्यांना सभेला गर्दी हवी असणार. मी काही बोलले नाही, पण त्या दिवशी बाईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही, आणि पोळ्या झाल्यावर चहाला थांबले नाही.

नंतर आईनंच फोनवर आपणहून सांगितलं. शाळेत खिचडी ढवळताना हेडमास्तरांनी सहज विचारलं होतं, पोरगी काय करते पुण्यात. आई म्हणाली, "सारे म्हनते तुही पोरगी पोया लाटते. मी म्हनलं, पोया लाटते अन् सभेतबी बोलते!" केवढा आनंद होता तिच्या आवाजात. जिच्यासाठी मी तोंड शिवून बसले होते तिनंच गावभर केलं. मी रडले की हसले, आठवत नाही. फक्त म्हटलं, "आई, अजून कोनाले सांगू नको."

"हेडमास्तर चांगला मानूस हाये वं."

"हो. पन समितीत बसते तो."

मग तिनं फोन ठेवला. तिलाही तेव्हाच उमगलं बहुतेक.

मी बाईंना सांगून टाकलं की मी येणार नाही. भाऊ येणार, ऐकणार, गावी कळवणार, आणि आईच्या हातचं मीठही जास्त होणार. बाईंनी समजावलं नाही, आग्रह केला नाही. "बरोबर आहे," म्हणाल्या. "पेटी वेगळी केली की माणूस सापडतं. तुला एकटीला हॉलमध्ये उभी करायची म्हणजे आम्ही तेच करणार होतो." आणि खिडकीशी जाऊन बसल्या. मला वाटलं रागावल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी युक्ती सांगितली. माझ्यासारखी आणखी माणसं त्यांना माहीत होती. नांदेडकडचा एक वॉचमन, सोलापूरकडचा एक ड्रायव्हर, चंद्रपूरची कॉलेजात शिकणारी एक मुलगी, आणखीही कोणी. प्रत्येकाच्या गावात पेटीच्या आकड्यावरून काही ना काही झालेलं. बाई म्हणाल्या, सगळ्यांनी एकेकट्यानं येऊन मला सांगायचं. मी त्याची वाक्यं करणार, गाव-तालुका काढून टाकणार, आणि सगळ्यांची वाक्यं मिसळणार. मिसळलेली वाक्यं आमची पेठेतली मंडळी सभेत वाचणार, 'मी' असं म्हणून. तुमच्यापैकी कोणी तोंड उघडायचं नाही.

खराडीचा पोरगा वैतागला. "बाई, पण मग ते फेक होणार ना? मिक्स केलं तर कोणाचीच स्टोरी राहत नाही."

"वाक्य न् वाक्य खरं असणार आहे. कोणाचं ते सांगणार नाही. सभेच्या सुरुवातीलाच हे जाहीर करायचं, लपवायचं नाही. तू मत देतोस तेव्हा खाली सही करतोस का रे?"

मी म्हटलं, "बाई, खिचडी तेवढी काढा. खिचडीवरून ओळखतील."

"खिचडी काढली तर तुझं उरलं काय? महाराष्ट्रातल्या कुठल्या शाळेत खिचडी शिजत नाही ते सांग."

माझं समाधान झालं नाही. पण मी सांगितलं सगळं, बसून, पहिल्यांदाच पिठाचे हात नसताना. बाईंनी कागदाच्या पट्ट्या केल्या, पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात घालून हलवल्या आणि न बघता एकेक काढून ओळीत लावल्या. डबा हलवताना मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. खोटं कशाला बोलू, तेव्हाही मी नजर ठेवली होती.

सभा रविवारी सकाळी होती. हॉलमध्ये जुने पंखे, लोखंडी खुर्च्या, आणि वेळेच्या आधीच येऊन वेळेवर सुरू होत नाही म्हणून कुरकुर करणारे आजोबा. मी मागच्या बाजूला चहाच्या टेबलावर. भाऊ आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. माझ्याकडे बघून मान हलवली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मी कप पुसायला घेतले.

बाईंनी उभं राहून सांगितलं की आता जे ऐकाल ते कसं केलंय. मग बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ उठले. पिकलेले केस, धोतर, चष्मा कपाळावर. कागद डोळ्यांशी धरून अगदी शुद्ध, खणखणीत आवाजात वाचलं:

"माझी आई शाळेत खिचडी शिजवते. मी रात्री एका इमारतीच्या गेटवर बसतो. माझं कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू आहे."

हॉल खदखदून हसला. मीही हसले असते, पण खिचडी ऐकून मी भावाकडे बघत होते. गृहस्थांनी कागद खाली केला, चष्मा नाकावर ओढून सगळीकडे बघितलं. "हसायचं असेल तर कोपऱ्यावरच्या नाट्यगृहात दुपारचा प्रयोग आहे. तिकिटं शिल्लक असतील."

मग ते पुढे वाचत गेले. "आमच्या पेटीचा आकडा कळला, आणि रस्त्याची खडी आमच्या वळणाशी येऊन थांबली. वेगळी पेटी आम्हीच मागितली होती, दाराला तोरण बांधलं होतं." मग मंडळातल्या एक बाई उठल्या, एक आजोबा उठले. "त्यांना थोडी मतं पडली, ती आमचीच असं सांगायला आम्ही त्यांच्या अंगणात गेलो." पुन्हा थोडं हसू आलं, पण मध्येच विरलं. माझी वाक्यं मला दुसऱ्यांच्या तोंडून येताना दिसत होती. गर्दीत आपल्या घरची माणसं ओळखू यावीत तशी. आणि दुसऱ्या कोणालाच ती ओळखू येत नव्हती.

मग एका म्हाताऱ्या बाईंनी वाचलं: "पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर मला नोकरी लागली. म्हणून दर निवडणुकीला घरच्यांची मतं मी फोनवरून पक्की करतो आणि कळवतो. बायको कोणाला देते मला माहीत नाही. विचारायची भीती वाटते."

हे मी सांगितलेलं नव्हतं.

मी दाराकडे बघितलं. भाऊ आतापर्यंत फोन वर धरून होता, शूटिंग करत असावा. आता फोन त्याच्या मांडीवर पालथा पडला होता, आणि तो समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता.

चिठ्ठीवर नोकरी लागलेली माणसं महाराष्ट्रात कमी का आहेत? तो असेल, नसेल. पत्ता मी दिला नव्हता, तरी तो आला होता, हे मात्र खरं. आणि सभेच्या पत्रकावर बाईंचा फोन नंबर होता, हेही खरं.

चहाच्या वेळी तो टेबलाशी आला. कप घेतला, फुंकर मारत म्हणाला, "यातलं तुहं कोनतं वं?"

"माहं कायचं असन? मी चहा कराले आली."

"मले वाटलं खिचडीवालं तुहं."

"खिचडी तं नांदेडकडंबी शिजते भाऊ."

"हो नं, शिजते," तो लगेच म्हणाला. जरा जास्तच लगेच. मग दुसरा कप घेतला. "त्या बाईनं लय गोंधळ केला. कोनाचं काय, काई समजत नाई. गावात कोनं इचारलं तं मी तेच सांगीन. काई समजलं नाई म्हनून."

"तेच सांगा."

तो गेला. त्यानं मला वाचवलं की स्वतःला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. परत येताना रिक्षात मी बाईंना विचारलं, "तो तुमच्याकडे आला होता का?"

"कोण?"

"माझा भाऊ. दाराशी बसलेला."

"कोण आलं, कोण नाही, मी विसरले."

"खरंच विसरलात?"

"वय झालंय माझं. त्याचा काहीतरी उपयोग करून घेऊ दे मला."

मी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही सापडलं नाही. माझंही सगळं यांनी असंच कुठेतरी विसरून ठेवलं असेल, हे लक्षात आलं तेव्हा मी रिक्षाच्या बाहेर बघायला लागले, कारण डोळे भरून आले होते.

निवेदन गेलं. पोच आली, उत्तर आलं नाही. पोरानं व्हिडिओ टाकला, तो फार कोणी बघितला नाही, याचं त्याला वाईट वाटलं आणि मला बरं. शाळेच्या समितीची बैठक झाली. आईला ठेवलं. भाऊ खरंच काही बोलला नाही म्हणून ठेवलं, की दुसरी बाई मिळाली नाही म्हणून, कोण सांगणार. जिल्हा परिषदेला आमच्या वस्तीची पेटी पुढाऱ्याच्या बाजूनं भरून निघाली. जवळजवळ सगळी. जी तुरळक मतं त्याच्या विरुद्ध गेली ती कोणाची, म्हणून आता वस्ती एकमेकांच्या चुलीकडे डोकावते.

मी आईला विचारलं, "तू कोनाले देल्लं?"

"तुले बी नाई सांगनार," ती म्हणाली. "फोनवर तं नाईच नाई."

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. "तुझ्या आईला आमच्या मंडळात घ्यायला हवं," म्हणाल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या की पेट्या मिसळून मोजलेल्या त्यांच्या हयातीत बघायला मिळतील असं काही वाटत नाही. मला अजून त्या मिसळण्यावर पुरता भरवसा नाही. पण माणसं एकटी सापडू नयेत, एवढं मला पटलंय, आणि ते मला भाषणातून पटलेलं नाही. माझी आई आजही शाळेत खिचडी शिजवते, आणि माझ्या बोलण्यानं तिचं काम गेलं नाही. ते बाईंमुळे.

याची फेड मी करणार आहे. आईचं पोट ज्या दिवशी कोणाच्या मर्जीवर राहणार नाही, त्या दिवशी मी त्याच हॉलमध्ये बाईंना पुढच्या खुर्चीवर बसवेन आणि स्वतः उभी राहीन. माझ्या तोंडानं, माझ्या बोलीत, गावाचं नाव घेऊन सगळं सांगेन, आणि मदत कोणी केली तेही सांगेन. त्या नको म्हणतील, काहीतरी खोचक बोलतील. बोलू देत. मी सांगणारच.